नऊ पोट्टे, एक गाळा आणि ओल्या कुरड्या

सुरुवातीची तक्रार माणसांच्या संख्येची नव्हती, कुरड्यांची होती.

नागपुरात त्रिमूर्तीनगरकडून जयताळ्याकडे जाताना अशा अपार्टमेंट ढिगाने आहेत: खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा गाळे, नव्वदच्या दशकाच्या शेवटी बांधलेल्या. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीत खाट टाकून, जुनं धोतर अंथरून कुरड्या घातल्या होत्या. तीन दिवस भिजवलेला गहू, पहाटे उठून शिजवलेला चीक. वरच्या गाळ्याच्या खिडकीत लोखंडी कुलर होता. कोणीतरी त्यात पाण्याचा पाइप सोडून झोपी गेलं. टाकी भरून वाहिली आणि अर्धं धोतर चिखल झालं.

काकू तणतणत वर गेल्या. दार उघडायला वेळ लागला, तोवर त्यांनी दाराबाहेरच्या चपला-बूट मोजले. अकरा जोड. खाली येऊन त्या सचिवांना म्हणाल्या, "भाऊ, वर धर्मशाळा उघडली हाय का?"

अपार्टमेंट आणि सोसायट्यांचे कागद, भाडेकरार आणि त्यावरून होणारी भांडणं हे माझं रोजचं काम आहे. हे प्रकरण माझ्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. तोवर इमारतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने बरंच काही करून ठेवलं होतं. ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण या गावात जवळपास प्रत्येक मंडळ तेच आणि त्याच क्रमाने करतं. गाळ्यांचे काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.

गाळा दोन बेडरूमचा, ७८० चौरस फुटांचा. मालक पुण्याला. त्यांनी तो दोन वर्षांपूर्वी १३,००० रुपये महिन्याने दोन इंजिनिअरिंगच्या मुलांना दिला. वर्षभरात एक सोडून गेला. उरलेल्याने गावाकडची मुलं आणली, त्यांनी आपले मित्र आणले. एप्रिलपर्यंत तिथे नऊ जण झाले: पाच विद्यार्थी आणि चार हिंगणा एमआयडीसीत शिफ्टला जाणारे. बहुतेक गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडचे. अकरा जोड कसे, असं मी नंतर विचारलं. दोन जोड कंपनीचे सेफ्टी बूट होते.

मंडळाने पहिल्यांदा काय केलं? रात्री दहाला चौकीदाराला वर पाठवून डोकी मोजली. पाच निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाठवलं, तर सात. चौघांच्या शिफ्ट फिरत्या असल्यामुळे एकाच्या गादीवर दुसरा झोपायचा. नऊच्या नऊ एका वेळी फक्त रविवारी दुपारी सापडले असते, आणि रविवारी दुपारी मंडळही झोपलेलं असतं.

मग मे महिन्यात सभा झाली. सोळापैकी नऊ गाळेधारक हजर होते. ठराव असा: एका गाळ्यात जास्तीत जास्त चार भाडेकरू, तेही एकाच कुटुंबातले; चाराच्या वर प्रत्येक माणसामागे महिन्याला ५०० रुपये दंड; पंधरा दिवसांत ऐकलं नाही तर गाळ्याचं पाणी बंद. ठराव टाइप करून लिफ्टजवळच्या बोर्डावर लागला. एक प्रत पुण्याला गेली. पुण्याहून वकिलाचं उत्तर आलं. तेव्हा मंडळाला माझी आठवण झाली.

आधी इमारत कोणती ते पाहा

मी पहिला प्रश्न विचारला, "तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट?" सचिव म्हणाले, "सोसायटीच म्हणतो आम्ही सगळे." म्हणायला काय, पावतीपुस्तकावरसुद्धा 'सोसायटी' छापलं होतं. पण कपाटातून जे निघालं ते डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचं घोषणापत्र होतं, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्टखालचं. नागपुरात हे फार दिसतं. मुंबई-पुण्याचं वाचून लोक सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींचे आकडे तोंडावर फेकतात, आणि त्यांची स्वतःची इमारत त्या कायद्यात बसतच नाही.

फरक काय पडतो? अपार्टमेंटचे नियम डिक्लरेशनला जोडलेले असतात. ते बदलायचे तर दुरुस्ती डिक्लरेशनमध्येच करून ती नोंदवावी लागते, त्याशिवाय तिला किंमत नाही. नऊ जणांनी रात्री साडेनऊला हात वर केले म्हणून नियम बदलत नाही. म्हणजे बोर्डावरचा तो कागद ही मंडळाची इच्छा होती, नियम नव्हता. दंडाचंही तेच. डीडमध्ये दंडाचं कलम नसेल तर ५०० रुपये मागायला आधार नाही.

सोसायटी असती तरी फार वेगळं झालं नसतं. तिथे गाळा भाड्याने द्यायला समितीची परवानगी लागत नाही, आधी कळवून कराराची प्रत द्यावी लागते. बिगर-भोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता गाळा भाड्याने देतो म्हणून लावलेलं शुल्क, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही. हे १ ऑगस्ट २००१ पासून ठरलेलं आहे, तरी डोकी मोजून शुल्क लावणाऱ्या समित्या मी आजही पाहतो.

पाणी तोडायच्या गोष्टीवर मी सचिवांना हात जोडले. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २९ अत्यावश्यक सेवा तोडायला घरमालकाला मनाई करतं. मंडळ घरमालक नाही हे खरं. पण मे महिन्याच्या नागपुरात कोणाचं पाणी तोडून दिवाणी न्यायालयासमोर उभं राहायची वेळ आली, तर न्यायाधीश तुमच्या ओल्या कुरड्या बघणार नाहीत.

'कुटुंब' म्हणजे कोण

ठरावातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे 'एकाच कुटुंबातले'. सभेत मी सचिवांना एकेक गाळा सांगायला लावलं. पहिल्या मजल्यावर दोन नर्स तीन वर्षांपासून राहतात, एक वर्ध्याची, एक बालाघाटची. नातं काही नाही, तक्रार एकही नाही. ठरावाप्रमाणे त्या बाहेर. चौथ्या मजल्यावर मंडळाच्याच एका सदस्याकडे आई-वडील, दोन भाऊ, दोन सुना आणि दोन लेकरं, म्हणजे आठ जण, त्याच ७८० चौरस फुटांत. ते आत, कारण ते भाडेकरू नाहीत आणि सख्खे आहेत. पाण्याच्या टाकीला मात्र सख्खं-सावत्र कळत नाही.

सदस्य तडकले. "आमचं घर आहे ते!"

बरोबर आहे. अडचण तीच आहे.

ही कल्पना आपल्याकडे मुळात आली कुठून ते मला माहीत आहे. कोणीतरी मुलाकडे अमेरिकेला जाऊन येतो आणि सांगतो की तिथे नात्यात नसलेल्या इतक्याच लोकांना घर देतात. खरं आहे. तिकडे विद्यापीठांच्या गावांत असे नियम आहेत. न्यूयॉर्कजवळच्या बेल टेर नावाच्या छोट्या गावाने नात्यात नसलेल्या दोघांचीच मर्यादा घातली होती. एका घरात सहा विद्यार्थी राहिले, मालकाला नोटीस गेली, आणि १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पण तो गावाच्या स्थानिक शासनाने रीतसर केलेला झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात कशी वस्ती चालेल याचा, नियम होता. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून केलेला ठराव नव्हता.

इंग्लंडची रीत मला जास्त पटते. तिथे वेगवेगळ्या कुटुंबांतले मिळून पाच किंवा जास्त लोक स्वयंपाकघर, न्हाणीघर वाटून घेत असतील तर घरमालकाला स्थानिक परिषदेकडून परवाना घ्यावा लागतो. परवान्यात झोपायच्या खोलीचं मापही असतं: एका मोठ्या माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. तिथेही नातं बघतातच, पण बोजा मालकावर टाकतात आणि खोली टेपने मोजतात. आपल्या गाळ्यातली मोठी बेडरूम दहा बाय अकरा फुटांची, म्हणजे १०.२२ चौरस मीटर. तिथल्या हिशेबाने जेमतेम दोघांची. इथे चार गाद्या होत्या.

आपल्याकडे आकडा आहेच कुठे? खासगी भाड्याच्या घरात इतकेच लोक, असं भाडे नियंत्रण कायदा म्हणत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये राहत्या इमारतीसाठी माणशी १२.५ चौरस मीटर धरलेले आहेत, पण ते जिने आणि बाहेर पडायच्या वाटा किती रुंद हव्यात ते काढण्यासाठी. ७८० चौरस फूट म्हणजे साधारण ७२ चौरस मीटर, भागाकार ५.८ येतो. या आकड्यावर कोणाला बाहेर काढता येत नाही. वाटाघाटीला बसताना मात्र हवेतल्या 'चार'पेक्षा कुठून तरी आलेला 'सहा' बरा, म्हणून मी तो खिशात ठेवला.

मीटर काय म्हणतो

मंडळाचा मोठा आरोप पाण्याचा होता. इमारतीला मनपाचं एकच मीटर, बिल सगळ्यांत वाटून. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये २३१ युनिट, या एप्रिलमध्ये २६८. एक युनिट म्हणजे हजार लिटर. ३७ हजार लिटर जास्त, आणि दर टप्प्याटप्प्याने चढणारे. "सगळं त्या पोट्ट्यांनी संपवलं," यावर सगळ्यांचं एकमत.

मी कागद घेऊन बसलो. चौघांच्या जागी नऊ, म्हणजे पाच जास्त. माणशी दिवसाला १३५ लिटर या नेहमीच्या मापाने महिन्याचे वीस हजार. कुलर आधी एक होता, आता तीन. नागपुरी उन्हात मोठा लोखंडी कुलर दिवसरात्र चालला तर शंभरेक लिटर पितो, म्हणजे आणखी सहा हजार. झाले सव्वीस. उरलेले अकरा हजार कुठे गेले?

चौकीदाराला घेऊन गच्चीवर गेलो. मुख्य टाकीचा बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारी तोटी, झिजलेला होता. टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून बारीक धार मागच्या भिंतीवरून उतरायची. भिंतीवर हिरवी शेवाळाची पट्टी होती, आणि शेवाळ एका महिन्यात एवढी चढत नाही. कॉक बदलायला साडेतीनशे रुपये लागले. सभेत हे सांगितलं तेव्हा थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कोणीतरी म्हणालं, "पण सव्वीस तर त्यांचेच ना!" होते. ते मीही नाकारलं नाही.

धरायचं कोणाला

माझा अंदाज होता की पुण्याचे मालक माणशी पैसे घेत असतील. चुकलो. त्यांना १३,००० च मिळत होते आणि आत तिघं राहतात असा त्यांचा समज होता. धंदा, त्याला धंदा म्हणायचं तर, आतल्या जुन्या मुलाचा होता. तो आठ जणांकडून प्रत्येकी २,५०० घ्यायचा. वीस हजारांतून भाडं गेलं, उन्हाळ्यातलं साडेचार हजारांचं लाइट बिल गेलं, वायफाय आणि भांडीवाल्या बाईचे दीड हजार गेले. उरले हजार रुपये आणि त्याची स्वतःची गादी फुकट. मी त्याला लबाड म्हणायला बसलो होतो, हिशेब पाहिल्यावर तेवढा जोर राहिला नाही. तो म्हणाला, "काका, फुकट थोडी राहून राहिलो आम्ही? होस्टेलमध्ये नंबर लागला नाही, बाहेर खोलीचे पाच हजार मागून राहिले. जायचं कुठं मग?"

पण कागद कच्चा होता, आणि तो मालकाचा होता. ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार, दोन नावं, त्यातलं एक सोडून गेलेलं, मुदत कधीच संपलेली. 'अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही' हा समज नागपुरात पक्का रुजलेला आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जड गोष्ट म्हणजे अशा वेळी अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. उद्या त्या मुलाने "दहा जण ठेवायचं ठरलं होतं" म्हटलं असतं तर मालकाकडे दाखवायला काय होतं?

मालकांना मी फोनवर एवढंच सांगितलं. पुढच्या शनिवारी ते नागपुरात होते.

रविवारी पार्किंगमध्ये बैठक झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे एक स्टूल, त्यावर काकूंनी पाठवलेला चहा. काकूही आल्या. त्यांची खरी तक्रार त्यांनी तिथे पहिल्यांदा नीट सांगितली: सेकंड शिफ्टची मुलं रात्री साडेबाराला येतात, मग खिचडी लावतात, आणि दीडला कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. रोज. "कुरड्या मी पुन्हा घालीन रे. झोप कुठून आणू?" एमआयडीसीतला मुलगा कानकोंडा झाला. "मावशी, डबा आणत जाऊ आम्ही," म्हणाला. ठरावात या कुकरचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

ठरलं ते असं. नवा करार नोंदणीकृत, सहाच्या सहा नावांनिशी, १६,००० भाडं, ४०,००० डिपॉझिट. अकरा महिन्यांच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के व्याजावर पाव टक्का मुद्रांक, तो साडेचारशेच्या आसपास आला. नोंदणी फी हजार. मालक म्हणाले, "एवढंच?" दोन वर्षं याच पैशांसाठी नोटरीवर भागवलं होतं. करारात सहाच्या वर माणूस ठेवणं हा अटीचा भंग, पोटभाड्याला मनाई, नाव बदललं तर आठ दिवसांत लेखी कळवायचं. सहाही जणांची माहिती पोलीस ठाण्यात. गाड्या पार्किंगमध्ये दोन, बाकीच्या कंपाउंडबाहेर. कुलर दोन, दोन्हींना बॉल कॉक. रात्री अकरानंतर कुकर नाही. हे कुकरचं मी करारात घालायला तयार नव्हतो, काकूंनी घालायलाच लावलं.

तिघांना जावं लागणार होतं. कोणी, ते आम्ही ठरवलं नाही, त्यांनी आपसात ठरवलं. दोघांची विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा सुरू होती. मंडळातल्या एकाने "आजच्या आज" लावून धरलं. मालकच म्हणाले, ३० जूनपर्यंत राहू द्या. राहिले. २९ तारखेला ऑटोत गाद्या घालून गेले. तिसरा आधीच बुटीबोरीकडे खोली पाहून निघून गेला होता.

मोजणार कोण, हा प्रश्न शेवटपर्यंत अडला. मंडळाला चौकीदार हवा होता. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या घरात रात्री टॉर्च घेऊन शिरण्याचा अधिकार ना मंडळाला आहे ना चौकीदाराला, आणि ज्या घरात मुली राहत असतील तिथे हाच प्रकार पोलीस केस होतो. मोजायचं तर मालकाने, तीन महिन्यांतून एकदा, आदल्या दिवशी सांगून. पुण्याहून येणं जमत नसेल तर त्यांनी इथल्या एखाद्या नातेवाइकाला लेखी अधिकार द्यावा. त्यांनी आपल्या साळ्याला दिला. साळे प्रतापनगरला राहतात. त्यांनाही आता ही पीडा वाटते, पण येतात.

बोर्डावरचा ठराव मंडळाने काढला नाही. नुसती त्यावर गणपतीच्या वर्गणीची यादी लावली.

जूनचं बिल २०९ युनिटचं आलं. यात श्रेय पोट्ट्यांचं किती, साडेतीनशेच्या कॉकचं किती आणि पावसाने कुलर बंद झाल्याचं किती, ते मी सांगू शकत नाही. मंडळाने अर्थातच स्वतःच्या खात्यावर जमा केलं.

सप्टेंबरात सचिवांचा फोन आला. आवाज दबका.

"ते वरच्या गाळ्यातलं... एकाचा लहान भाऊ आलाय. नीटच्या क्लासला."

"बरं."

"सख्खा भाऊ आहे. आधार कार्ड पाहिलं मी. बापाचं नाव एकच."

"एकूण किती झाले?"

"सात."

"मग करार मोडला. मालकांना कळवा."

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, "पण भाऊ आहे ना हो तो. अन् पोट्टा काकूंच्या घरी जेवतो."